मानव-संगणक परस्परक्रिया : मानसशास्त्र आणि चंद्रपूर-गडचिरोली वनप्रदेश

मानव-संगणक परस्परक्रिया : संगणक किंवा संगणकाधिष्ठित साधन वापरताना माणसाचे संवेदन, अवधान, स्मृती, भाषा आणि हस्तकौशल्य यांचे कार्य कसे चालते व साधनाची रचना त्या कार्याशी कितपत जुळते, यांचा अभ्यास करणारी उपयोजित मानसशास्त्राची शाखा. अभियांत्रिकी, भाषाविज्ञान, मानवशास्त्र व अभिकल्प या विषयांशी तिचा निकटचा संबंध आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात वैमानिकांच्या चुकांचा जो अभ्यास झाला, त्यातून तिचा पाया घातला गेला. १९७० नंतर अमेरिकेतील प्रयोगशाळांत तिला शास्त्राचे रूप आले. या प्रयोगशाळांनी गृहीत धरलेला माणूस साक्षर, यंत्रापुढे एकटा बसलेला आणि स्वतःच्या लिपीचा कळफलक हाताशी असलेला असा होता. चंद्रपूर व गडचिरोली या महाराष्ट्राच्या पूर्व टोकाच्या वनजिल्ह्यांत यांपैकी एकही गृहीत सरसकट लागू पडत नाही. त्यामुळे या शाखेचा इतिहास या प्रदेशाच्या अनुभवाशी ताडून पाहणे उद्‌बोधक ठरते.

उगम : यंत्र चालविताना अपघात झाला, तर तो चालविणाऱ्याच्या हलगर्जीपणामुळे झाला, असे मानण्याची प्रथा विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत रूढ होती. महायुद्धात बी-१७ या अमेरिकन बाँबफेकी विमानाचे काही वैमानिक विमान सुखरूप उतरविल्यानंतर पंखांवरील झडपा मिटण्याऐवजी चाकेच वर घेत आणि धावपट्टीवर विमानाची नासधूस होई. आल्फॉन्स चॅपॅनिस (१९१७–२००२) या मानसशास्त्रज्ञाने विमानाच्या कक्षात पाहणी केली, तेव्हा दोन्ही खटके एकमेकांशेजारी व सारख्याच आकाराचे असल्याचे आढळले. खटक्यांना स्पर्शाने ओळखता येतील असे वेगवेगळे आकार देणे, हा त्यावरील साधा उपाय ठरला. पॉल फिट्स (१९१२–६५) आणि त्यांचे सहकारी आर्. ई. जोन्स यांनी १९४७ मध्ये वैमानिकांच्या नावावर जमा झालेल्या ४६० चुकांचे विश्लेषण केले. त्यांतील पुष्कळशा चुका खटक्यांच्या मांडणीतच दडलेल्या होत्या. ‘वैमानिकाची चूक’ हे शब्द त्यांनी अवतरण चिन्हांत घातले. ही बाब क्षुल्लक वाटली, तरी या शास्त्राचा खरा प्रारंभ तेथूनच झाला असे म्हणता येईल.

पुढील दशकात माणसाच्या मर्यादांचे मापन सुरू झाले. पर्यायांची संख्या वाढली की निवड करण्यास लागणारा वेळ कसा वाढतो, हे विल्यम हिक यांनी १९५२ मध्ये दाखविले. लक्ष्य जितके दूर व लहान, तितका तेथवर हात नेण्यास अधिक वेळ लागतो, या सर्वपरिचित अनुभवाला फिट्स यांनी १९५४ मध्ये गणिती सूत्राचे रूप दिले. जॉर्ज मिलर (१९२०–२०१२) यांनी १९५६ मध्ये अल्पकालीन स्मृतीत एका वेळी सु. सातच घटक राहू शकतात, असे प्रतिपादन केले. मात्र हा घटक एका अंकाचा असू शकतो, तसाच अनेक अंकांच्या जुडीचाही असू शकतो, आणि जुड्या बांधण्याचे कसब सरावाने येते. या सिद्धांताचे प्रात्यक्षिक पाहण्यासाठी प्रयोगशाळेत जाण्याची गरज नाही. तेंदूपानांच्या हंगामात चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावांतून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधले जातात व एक हजार पुड्यांचे एक प्रमाण पोते धरले जाते; फळीवर हिशेब होतो तो पुड्यांचा, पानांचा नव्हे.

संगणकाच्या क्षेत्रात हा विचार आणण्याचे श्रेय प्रामुख्याने जे. सी. आर्. लिकलायडर (१९१५–९०) या मानसशास्त्रज्ञाकडे जाते. माणूस व संगणक यांच्या सहजीवनाची कल्पना त्यांनी १९६० मध्ये मांडली. डग्लस एंगलबर्ट (१९२५–२०१३) यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रॅन्सिस्को येथे माऊस, पडद्यावरील मजकुराचे संपादन व परस्परांशी जोडलेले संगणक यांचे जाहीर प्रात्यक्षिक केले. याच सुमारास, १९६६ मध्ये, जोसेफ वायझेनबाउम (१९२३–२००८) यांनी ‘एलायझा’ ही संभाषण करणारी आज्ञावली प्रसिद्ध केली होती. समोरच्याची वाक्ये थोडीफार फिरवून त्यालाच परत करणे एवढेच ती करीत असे. तरीही लोक तिच्याजवळ मन मोकळे करू लागले. यंत्राला समज आहे असे मानण्याची माणसाची प्रवृत्ती किती प्रबळ असते, हे पाहून वायझेनबाउम स्वतः अस्वस्थ झाले आणि पुढे संगणकाच्या अनिर्बंध वापराचे टीकाकार बनले.

प्रयोगशाळेतील माणूस : कॅलिफोर्नियातील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात स्टुअर्ट कार्ड, टॉमस मोरान आणि ॲलन न्यूएल (१९२७–९२) यांनी १९७४ पासून या विषयावर काम केले. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाचे शीर्षकच ‘मानव-संगणक परस्परक्रियेचे मानसशास्त्र’ अशा अर्थाचे होते. कोणत्याही कामाचे त्यांनी सूक्ष्म क्रियांत विभाजन केले : सरावलेल्या टंकलेखकास एक कळ दाबण्यास सु. ०·२ सेकंद, माऊसने पडद्यावरील एखादे स्थान दाखविण्यास १·१ सेकंद, हात कळफलकावरून माऊसकडे नेण्यास ०·४ सेकंद आणि पुढील क्रियेची मनात जुळणी करण्यास १·३५ सेकंद. या कालावधींची बेरीज केली, की यंत्र तयार होण्यापूर्वीच काम किती वेळात होईल याचा अंदाज बांधता येई. मानसशास्त्राला अभियंत्याच्या हाती देण्याजोगे कोष्टक प्राप्त झाले, हे या ग्रंथाचे मोठे यश होय.

परंतु ही पद्धती निष्णात व चूक न करणाऱ्या माणसापुरती मर्यादित होती, आणि हे बंधन कर्त्यांनीच घालून घेतले होते. त्यांच्यापुढील माणूस हा कार्यालयात मजकूर दुरुस्त करणारा होता. त्याच संशोधन केंद्रात काम करणाऱ्या लूसी सचमन या मानवशास्त्रज्ञ विदुषीने १९८७ मध्ये या दृष्टीवर मूलगामी आक्षेप घेतला. नवे छायाप्रतयंत्र (झेरॉक्स यंत्र) वापरताना सुशिक्षित, किंबहुना संगणकशास्त्रातील तज्ञ माणसेही कशी गोंधळतात, हे त्यांनी चित्रफितींच्या साहाय्याने दाखविले. माणूस आधी आखलेल्या योजनेबरहुकूम वागत नाही. प्रसंग, सोबतची माणसे व समोरच्या वस्तू यांवरून तो वाट काढीत जातो, असे त्यांचे म्हणणे होते. १९८८ मध्ये डोनाल्ड नॉर्मन यांनी आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधले : साधनाची रचना सदोष असली, तरी सामान्य माणूस बोल लावतो तो स्वतःलाच. या निरीक्षणाचे महत्त्व पुढे स्पष्ट होईल.

प्रदेश व लोक : जुन्या चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. त्याच्या क्षेत्रफळाचा सत्तर टक्क्यांहून अधिक भाग वनाखाली असून २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १०,७२,९४२ व तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण सु. ३८·७ टक्के होते. चंद्रपूर जिल्ह्याची लोकसंख्या त्याच वर्षी २२,०४,३०७ होती. चंद्रपूर शहर, बल्लारपूर व भोवतालचे कोळसा क्षेत्र उद्योगप्रधान असून चंद्रपूरच्या औष्णिक विद्युत् केंद्राचा पहिला संच १९८३ मध्ये कार्यान्वित झाला. अशा केंद्राच्या नियंत्रणकक्षात बसणारा प्रशिक्षित माणूस प्रयोगशाळांनी कल्पिलेल्या माणसाला बराच जवळचा असतो. तेथून पूर्वेस व दक्षिणेस जावे तसे चित्र पालटते. झाडीबोली बोलणारे मराठी भाषक, गोंडी व माडिया बोलणारे आदिवासी, सिरोंचाकडील तेलुगू भाषक आणि चामोर्शी-मुलचेरा भागात वसविलेले पूर्व बंगालमधील निर्वासित अशी येथे भाषांची सरमिसळ आहे. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. रस्त्याची जी गत, तीच दीर्घकाळ दूरध्वनीच्या जाळ्याचीही होती.

श्वासगणक : या प्रदेशात माणूस व साधन यांच्या मेळाचा जो सर्वांत शिकण्याजोगा प्रयोग झाला, त्यात संगणक नव्हता. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने १९८८-८९ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातील शंभराहून अधिक खेड्यांत बालकांच्या न्यूमोनियावर गावपातळीवर उपचार करण्याची चाचणी घेतली. श्वासाची मिनिटागणिक गती हे या रोगाचे प्रमुख लक्षण. दोन महिन्यांखालील बालकात ती ६० किंवा अधिक, आणि त्याहून मोठ्या अर्भकात ५० किंवा अधिक असल्यास न्यूमोनियाचा संशय घ्यावा, असा दंडक आहे. डॉक्टर घड्याळाकडे पाहत श्वास मोजतो. गावातील दाई निरक्षर. दहा-बारापलीकडे मोजण्याची तिला सवय नाही आणि तिच्याजवळ घड्याळही नाही. बालक मात्र तिच्याच हाती जन्मलेले, आणि रात्री-अपरात्री धावून येणारी तीच एकटी.

यासाठी तयार केलेल्या श्वासगणकात एका मिनिटात रिकामी होणारी वाळूची घटिका आणि मण्यांच्या दोन ओळी होत्या. दर दहा श्वासांनंतर दाईने एक मणी सरकवायचा. लहान बालकाच्या ओळीत सहा मणी, मोठ्याच्या ओळीत पाच. शेवटचा मणी लाल. वाळू संपण्यापूर्वी लाल मणी सरकवावा लागला, तर उपचार सुरू करायचा. मिलर यांच्या सिद्धांताच्या भाषेत सांगायचे, तर साठ या संख्येच्या सहा जुड्या बांधून त्या जुड्या स्मृतीत ठेवण्याऐवजी तारेवर ठेवल्या गेल्या. वेळ मोजण्याचे काम वाळूकडे, गणना लक्षात ठेवण्याचे काम मण्यांकडे आणि निर्णय सांगण्याचे काम रंगाकडे गेले. दाईकडे उरले ते तिला उत्तम येणारे काम, म्हणजे बालकाच्या पोटाची हालचाल निरखणे व दहापर्यंत मोजणे.

चाचणीचे निष्कर्ष १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. एका वर्षानंतर उपचारक्षेत्रातील पाच वर्षांखालील बालकांचा न्यूमोनियाने होणारा मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा निम्म्याहून कमी आढळला. हे यश अर्थातच औषध, प्रशिक्षण व गावकऱ्यांचा विश्वास या सर्वांचे होते, एकट्या श्वासगणकाचे नव्हे. तथापि निरक्षरतेला अडथळा न मानता तिला रचनेची अट मानणारे साधन म्हणून त्याचे स्थान वेगळे आहे. पुढील काळात या जिल्ह्यांत आलेल्या फार थोड्या यंत्रांबद्दल असे म्हणता येते.

लिपी व कळफलक : मराठी टंकलेखन यंत्र हे या प्रदेशातील तालुका कचेऱ्यांत संगणकापूर्वी पोहोचलेले लेखनयंत्र. त्यावर अक्षरांचे अवयव डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने उमटत. ‘कि’ लिहिताना ऱ्हस्व वेलांटी आधी व ‘क’ नंतर. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिकी विभागाने १९८६ मध्ये प्रमाणित केलेल्या ‘इन्स्क्रिप्ट’ कळफलकात उच्चाराचा क्रम स्वीकारला गेला : आधी ‘क’, मग वेलांटी. स्वर डाव्या हाताशी व व्यंजने उजव्या हाताशी ठेवल्यामुळे दोन्ही हातांना आळीपाळीने काम मिळते, आणि एकदा शिकलेली मांडणी सर्व प्रमुख भारतीय लिप्यांना चालते. कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत मोहन तांबे आदींनी विकसित केलेले व पुढे १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या ‘सी-डॅक’ने प्रसृत केलेले ‘जिस्ट’ तंत्र याच विचारावर आधारलेले होते.

तर्कदृष्ट्या ही मांडणी निर्दोष असली, तरी टंकलेखनात आयुष्य गेलेल्या लिपिकांची बोटे जुन्याच क्रमाने चालत. यास मानसशास्त्रात प्रतिकूल अध्ययन-संक्रमण म्हणतात. परिणामी जुन्या टंकयंत्राची मांडणी संगणकावरही दीर्घकाळ तग धरून राहिली आणि निरनिराळ्या टंकांत (फाँट) केलेला मजकूर एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत गेला की निरर्थक चिन्हांत बदलू लागला. १९९१ पासून विकसित होत गेलेल्या ‘युनिकोड’ संकेतप्रणालीने हा प्रश्न पुष्कळसा सोडविला, पण मराठीच्या गरजा तेथेही सावकाश पोहोचल्या. ‘ॲ’ हे अक्षर त्या प्रणालीत स्वतंत्रपणे दाखल झाले ते २००८ मध्ये. अक्षररचनाकार र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी घडविलेला ‘मंगल’ हा टंक याच स्थित्यंतरात घरोघरी पोहोचला. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील औद्योगिक अभिकल्प केंद्रात अनिरुद्ध जोशी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये ‘कीलेख’ हा कळफलक आणि पुढे स्पर्शपटासाठी ‘स्वरचक्र’ ही रचना तयार केली. तीत व्यंजनावर बोट ठेवताच त्याभोवती बाराखडीचे चक्र उमटते. शाळेच्या पाटीवर गिरविलेली बाराखडी हेच येथे शिकणाऱ्याचे पूर्वज्ञान ठरते.

गोंडीची स्थिती याहून बिकट. २०११ च्या जनगणनेत सु. ३० लाख लोकांनी मातृभाषा म्हणून नोंदविलेली ही भाषा अनेक राज्यांत विखुरलेली असून महाराष्ट्रात देवनागरीत, तेलंगणात तेलुगू लिपीत लिहिली जाते. मुनशी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ मध्ये तिच्यासाठी स्वतंत्र लिपी तयार केली होती. युनिकोडमध्ये ती २०१७ मध्ये, म्हणजे ९९ वर्षांनी आली. चंद्रपूर जिल्ह्याला लागून असलेल्या आदिलाबाद भागातील गुंजाळा गावी मिळालेल्या हस्तलिखितांतील निराळी गोंडी लिपी २०१८ मध्ये समाविष्ट झाली. लिपीस संकेतांक मिळाले म्हणजे भाषा यंत्रात आली असे मात्र होत नाही. त्यासाठी टंक, कळफलक, शब्दकोश आणि मुख्य म्हणजे ती लिपी वाचणारी मुले लागतात.

मतदान यंत्र : येथील बहुसंख्य प्रौढांनी स्वतःच्या हाताने चालविलेले पहिले इलेक्ट्रॉनिक यंत्र बहुधा मतदानाचे असावे. १९८२ मध्ये केरळातील परवूर मतदारसंघाच्या ५० केंद्रांवर ते प्रथम वापरले गेले आणि २००४ पासून लोकसभेच्या सर्व मतदारसंघांत रूढ झाले. त्याच्या बाह्यरचनेत मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रातील ए. जी. राव व रवी पूवैय्या यांचा वाटा होता. उमेदवाराचे नाव, निवडणूक चिन्ह, दिवा व निळे बटण एकाच ओळीत. बटण दाबताच चिन्हाशेजारी लाल दिवा लागतो व लांब शिटी वाजते. वाचता न येणाऱ्याला चिन्ह ओळखता येते, डोळ्यांनी न दिसणाऱ्याला शिटी ऐकू येते. चिन्हांची ही भाषा नवी नव्हती; १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासून ती लोकांच्या अंगवळणी पडलेली होती व यंत्राने ती जशीच्या तशी उचलली. कागदी मतपत्रिकेवर शिक्का दोन रकान्यांच्या सीमेवर पडला की मत बाद होई. यंत्रात अशी चूक करण्याची सोयच ठेवलेली नाही, आणि चॅपॅनिस यांना अभिप्रेत असलेली रचना ती हीच. आपले मत योग्य जागी गेले का, या शंकेसाठी २०१३ पासून कागदी पावतीची जोड देण्यात येऊ लागली. ती पावती काचेआड सात सेकंद दिसते.

गडचिरोली-चिमूर मतदारसंघात दुर्गम केंद्रांवरील मतदान पथके व यंत्रे हेलिकॉप्टरने न्यावी लागतात आणि संवेदनशील भागात मतदान दुपारी तीनलाच संपते. एवढ्या खटाटोपानंतर मतदार पुठ्ठ्याच्या आडोशामागे जातो, तेव्हा तो यंत्रापुढे खरोखर एकटा असतो, कारण कायद्यालाच ते हवे असते. एरवी या प्रदेशात यंत्रापुढे एकटा माणूस सहसा आढळत नाही.

मध्यस्थ : दाखले, सातबारा, शिष्यवृत्ती, अनुदान आदी कामे संगणकावर गेल्यानंतर गावकऱ्याचा संबंध आला तो सेतू केंद्रातील चालकाशी. पडदा चालकाकडे तोंड करून असतो व अर्जदाराला त्याची पाठ दिसते. काय विचारले गेले व काय भरले गेले हे त्याला चालकाच्या तोंडूनच कळते. परवलीचा शब्दही पुष्कळदा चालकच ठरवितो व जपून ठेवतो. मध्यस्थामार्फत होणाऱ्या या वापराकडे संशोधकांचे लक्ष उशिरा, २०१० च्या सुमारास गेले. तोवर एक माणूस व एक पडदा हेच अभ्यासाचे एकक होते. शाळांतही तोच अनुभव आला. उदय सिंग पवार, जोयोजीत पाल व केंतारो तोयामा यांनी २००६ मध्ये भारतीय ग्रामीण शाळांसाठी एकाच संगणकाला अनेक माऊस जोडून पाहिले. एका पडद्याभोवती घोळक्याने बसणाऱ्या मुलांत माऊस एका धीट मुलाच्याच हाती राहतो, या निरीक्षणातून ही कल्पना निघाली होती.

मध्यस्थ हा केवळ अडसर नव्हे. भाषा बदलून सांगणे, धीर देणे, चुकलेला अर्ज पुन्हा भरणे ही कामे तोच करतो, आणि या कामांची नोंद कोणत्याही आज्ञावलीत नसते. अडचण येते ती चुकीची जबाबदारी ठरविताना. मडावी हे गोंडांतील सर्वपरिचित आडनाव रोमन लिपीत एका कागदावर ‘व्ही’ने व दुसऱ्यावर ‘डब्ल्यू’ने लिहिले गेले, तर गावाच्या लेखी माणूस एकच, पण यंत्राच्या लेखी दोन. रक्कम अडकते, कारण विचारल्यावर ‘नाव जुळत नाही’ असे उत्तर मिळते. कष्टाने झिजलेल्या अंगठ्याचा ठसा शिधादुकानातील यंत्र स्वीकारीत नाही, तेव्हा ‘माझा अंगठा उठत नाही’ असे शिधापत्रिकाधारक म्हणतो. ‘यंत्राला वाचता येत नाही’ असे म्हणणारा विरळा. नॉर्मन यांनी वर्णिलेला स्वतःला बोल लावण्याचा कल येथे सौम्य गैरसोयीपुरता राहत नाही. त्या महिन्याचे धान्य त्याच्याशी बांधलेले असते.

रोजगार हमीच्या कामांवर १ जानेवारी २०२३ पासून मजुरांची हजेरी मोबाइलवरील छायाचित्राने दिवसातून दोनदा नोंदविणे सक्तीचे करण्यात आले. बोगस हजेरीला आळा घालणे हा तिचा हेतू होता. कागदी हजेरीपटात मुकादम उशिरा आलेल्याला समजून घेई. त्यात लबाडीला वाव होता, तसाच माणुसकीलाही होता. छायाचित्राला दोन्हींचा वाव नाही, आणि जाळे नसलेल्या जागी तर छायाचित्रही पोहोचणे कठीण. यंत्राने पारदर्शकता आणली हे खरे असले, तरी पडद्यावर न उमटलेला दिवस भरून काढण्याचा भार सर्वांत कमी साधने असलेल्या मजुरावर पडतो. करोनाच्या साथीत हाच प्रश्न देशापुढे आला. मे २०२१ मध्ये १८ ते ४४ वयोगटाला लसीसाठी संगणकीय नोंदणी अनिवार्य होती आणि ‘कोविन’ ही प्रणाली तेव्हा इंग्रजीतच होती. सर्वोच्च न्यायालयाने या अटीविषयी प्रश्न उपस्थित केले. जूनमध्ये मराठीसह काही भारतीय भाषा प्रणालीत आल्या व थेट केंद्रावर नोंदणी सर्वत्र खुली झाली. गोंडी त्या भाषांत नव्हती.

वाणी : जिथे लिपी अडते तिथे आवाज चालेल, अशी कल्पना साहजिकच पुढे आली. शुभ्रांशु चौधरी यांनी २०१० मध्ये बेंगळुरू येथील मायक्रोसॉफ्ट संशोधन संस्थेतील बिल थीस यांच्या साहाय्याने ‘सीजीनेट स्वर’ ही सेवा सुरू केली. साध्या दूरध्वनीवरून एक अंक दाबून आपली बातमी किंवा तक्रार स्वतःच्या बोलीत ध्वनिमुद्रित करावयाची आणि दुसरा अंक दाबून इतरांची ऐकावयाची, अशी तिची रचना होती. छत्तीसगढ हे तिचे मुख्य क्षेत्र. परंतु गोंडी भाषेला राज्याची सीमा नसल्यामुळे गडचिरोलीच्या सीमेवरील गोंडी भाषकांच्या दृष्टीनेही तिचे महत्त्व आहे. बोलून आज्ञा देण्यापेक्षा कळ दाबणे लोकांना सोपे जाते, असा निष्कर्ष नील पटेल व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये गुजरातमधील शेतकऱ्यांच्या अभ्यासातून काढला होता. बोलता येणाऱ्या माणसाला यंत्राशी बोलणे नैसर्गिक वाटेल, ही समजूत त्यामुळे तपासून घ्यावी लागली. माणसाशी बोलताना समोरचा मान डोलावतो, हुंकार देतो. यंत्र गप्प राहते आणि बोलणारा अडखळतो.

२०२२ नंतर मोठ्या भाषा-प्रतिमानांवर चालणाऱ्या संभाषक आज्ञावल्यांनी ही शांतता भरून काढली. त्या सफाईने उत्तरे देतात. वायझेनबाउम यांना अस्वस्थ करणारी प्रवृत्ती त्यामुळे नव्याने समोर आली, आणि ती इंग्रजी किंवा मराठी बोलणाऱ्यांपुरती राहणारी नाही. केंद्रीय जनजाती कार्य मंत्रालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी ‘आदि वाणी’ ही भाषांतर-प्रणाली चाचणी स्वरूपात सुरू केली. तिच्या पहिल्या टप्प्यात संथाळी, भिली, मुंडारी व गोंडी या भाषांचा समावेश होता. त्यांतील गोंडी छत्तीसगढची आहे. भामरागड-एटापल्लीकडील माडिया बोली तिच्याहून बरीच निराळी असून तिच्यातील लिखित मजकूर, ज्यावर अशी यंत्रे शिकतात, अत्यल्प आहे.